फ्रान्सचे मंत्री आणि चुकीची सरी

नानांच्या दशक्रियेच्या फ्लेक्सवर खाली एका ओळीत नऊ जणांचे फोटो होते. त्यातले आठ जण जिवंत होते आणि बहुतेक सगळे त्या सकाळी नदीवर हजरही होते. नववे फ्रान्सचे कृषिमंत्री होते. त्यांना वारून दीडशेहून जास्त वर्षं झाली होती. फ्लेक्सवर त्यांचा नंबर पहिला लागला होता.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी नानांबद्दल सांगायला हवं.

नाना म्हणजे माझे वडील. सटाण्याच्या अलीकडे एका गावातल्या माध्यमिक शाळेत ते शेती हा विषय शिकवायचे. शाळेच्या मागे वीस गुंठ्यांचा तुकडा होता, एक विहीर होती आणि अवजारांची खोली होती. आठवी-नववीच्या मुलामुलींना प्रत्येकी एक सरी वाटून दिलेली असे. पेरण्यापासून काढण्यापर्यंत तिचं सगळं त्यांनीच बघायचं. एवढं इतर शाळांतही होत असेल. पण नानांच्या तुकड्यात विहिरीच्या अंगाला एक जादा सरी होती. तिला सगळे ‘चुकीची सरी’ म्हणत. मोठी माणसं नको म्हणतात ते काहीही त्या सरीत करून बघायची मुभा होती. कुणी बी वीतभर खोल पुरलं, कुणी मिरचीला दिवसातून तीनदा पाणी दिलं, एकीने कांद्याचं रोप उलटं लावलं. पीक मेलं तरी उपटायचं नाही, हा नियम. त्याच्यापुढे पाटी रोवायची आणि तीन ओळी लिहायच्या : नाव, काय केलं, कारण.

येता-जाता लोक त्या पाट्या वाचत. त्यावरून एकदा एक पालक शाळेत आले होते. मी तेव्हा त्याच शाळेत होते, म्हणून मला ऐकायला मिळालं.

“गुरुजी, माझ्या पोरीचं नाव पार गावभर झालं. ‘खत जास्त घातलं’ म्हणून.”

“गावानं वाचलं का?” नानांनी विचारलं.

“वाचलं म्हणजे? सगळ्यांनी वाचलं.”

“मग आता गावात कुणी जास्त घालणार नाही. एका पोरीत गाव शिकलं. स्वस्त पडलं.”

नानांचं म्हणणं असं, की घरच्या वावरात चुकलं तर बाप कानाखाली देतो. म्हणून कुणी चुकत नाही आणि म्हणून कुणी शिकत नाही. सरकारने माणसाला निदान एक सरी चुकायला दिली पाहिजे. हे ते इतक्या शांतपणे सांगत, की ऐकणाऱ्याला तसा सरकारी आदेश निघालाय असं वाटे.

निवृत्त झाल्यावरही ते बरीच वर्षं गावातच होते. आई गेल्यावर ते नाशिकला माझ्याकडे, द्वारका चौकाजवळच्या फ्लॅटवर राहायला आले. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. वर्षातून एकदा आम्ही कुणी न वाचलेली पुस्तकं मोडीत काढतो. त्यात एक जुनं, जाड इंग्रजी पुस्तक निघालं, वेगवेगळ्या देशांतल्या शेतकी शिक्षणावरचं. मागच्या कार्डावर एकही तारीख नव्हती. म्हणजे ते कधीच कुणी नेलं नव्हतं. मी ते नानांना आणून दिलं. त्यांना वाचायला काहीतरी हवं होतं आणि वर्तमानपत्र त्यांचं सकाळी आठलाच संपत असे.

त्या पुस्तकात फ्रान्सवर एक प्रकरण होतं आणि त्या प्रकरणात मंत्री होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. नानांनाही ते उच्चारता येत नसे, म्हणून ते नुसतं ‘मंत्री’ म्हणत. पावणेदोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये राजाला घालवून लोकांनी नवं सरकार आणलं, त्या गडबडीत हे गृहस्थ काही महिने कृषिमंत्री झाले. बाकीचे लोक राज्य कुणाचं यावर भांडत होते, तेव्हा यांनी शेतीच्या शाळांचा कायदा मांडला. खाली प्रत्येक जिल्ह्यात एक शेतशाळा, तिथे मुलांनी स्वतः राबत शिकायचं. त्याच्यावर विभागाची मोठी शाळा. आणि सगळ्यात वर, राजाच्या जुन्या महालाच्या आवारात, देशाची एक संस्था. शिकवण्याचा भार सरकारने उचलायचा.

नानांनी ते प्रकरण शब्दकोश घेऊन दोन वर्षं वाचलं. नंतर वहीत मराठीत लिहून काढलं. अठ्ठेचाळीस पानं झाली. त्यात मंत्री किती आणि नाना किती, हे सांगणं अवघड आहे. ‘सरकारने चुकायला जागा द्यावी’ हे वाक्य वहीत तीनदा येतं. मूळ पुस्तकात मला ते एकदाही सापडलं नाही.

ही वही टाईप करायचं काम माझ्याकडे होतं आणि त्याला कारण होतं. गावच्या शाळेची जी संस्था आहे, तिने शाळेमागच्या तुकड्यावर लॉन्स करायचं मनात आणलं होतं. लॉन्स म्हणजे लग्नाचं मैदान : हिरवळ, कमान, स्टेज, गाड्या लावायला जागा. नानांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “गवत लावणार म्हणजे शेवटी पीकच घेणार.” पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. जानेवारीत संस्थेची वार्षिक सभा होती, तिथे ठराव येणार होता. त्याआधी पुस्तिका छापून सभासदांच्या हातात द्यायची, असं नानांनी ठरवलं. फ्रान्ससारख्या देशाच्या मंत्र्याने ज्यासाठी जीव टाकला ते आपल्या गावात चाळीस वर्षं फुकटात चालू आहे, हे लोकांनी वाचलं की ते ठराव करणार नाहीत, असं त्यांना वाटत होतं. सभासद वाचतात, असंही त्यांना वाटत होतं.

मी रविवारी टाईप करत असे. सगळ्या रविवारी नाही. महाविद्यालयात तपासणी होती, मग परीक्षा होत्या. खरं सांगायचं तर मला कंटाळा येत असे. नानांचं अक्षर बारीक आणि मी स्वभावाने प्रत्येक गोष्ट पडताळून बघणारी. ते रोज संध्याकाळी चहाच्या वेळी विचारत,

“मंत्री कुठपर्यंत आले?”

“सभागृहात पोचलेत.”

“बोलले का?”

“अजून नाही. बसलेत.”

“त्यांना म्हणावं उठा. नंतर वेळ मिळत नाही.”

पान एकतीसवर कायदा मतदानाला यायचा होता. मी पान तीसवर होते, तेव्हा डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी मी त्यांच्या आंघोळीचं पाणी तापत ठेवून खोलीत गेले आणि नाना गेलेले होते. चष्मा डोळ्यांवर होता. वही उशाशी होती. पाणी तसंच तापत राहिलं, ते शेजारच्या वहिनींनी बंद केलं.

दशक्रिया गावी, नदीवर करायचं ठरलं. माझा धाकटा भाऊ सटाण्यात कांद्याच्या व्यापारात आहे. तो घाईचा माणूस आहे, पण कामाचा आहे. आमच्याकडे दशक्रियेला फ्लेक्स लागतो. वर गेलेल्या माणसाचा मोठा फोटो, खाली गावातल्या आणि तालुक्यातल्या प्रतिष्ठितांचे छोटे फोटो. त्यांना विचारून छापत नाहीत, पण नाही छापले तर त्यांना राग येतो. भावाने माझ्याकडून नानांच्या फोटोसाठी पेनड्राइव्ह नेला. पुढाऱ्यांचे आठ फोटो त्याच पेनड्राइव्हवर टाकले आणि द्वारकेच्या एका फ्लेक्सच्या दुकानात देऊन सांगितलं, “वर नाना, बाकी सगळे खाली.” त्या पेनड्राइव्हवर पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी मी स्कॅन केलेलं फ्रान्सच्या मंत्र्यांचं चित्र होतं. फाईलला मी नाव दिलं होतं ‘मंत्री’.

नदीवर फ्लेक्स उलगडला तेव्हा मला दिसलं. भारी कोट, गळ्याशी पांढरा रुमाल, गालांवर दाट कल्ले. खाली लिहिलं होतं, ‘मा. मंत्रीसाहेब’. आणि नऊ जणांच्या वर ठळक अक्षरात ‘शोकाकुल’.

भावाने तिथूनच दुकानदाराला फोन लावला.

“अहो, हा पहिला माणूस कोण टाकलाय?”

दुकानदाराचा आवाज मला ऐकू आला. “तुमचाच फोटो आहे साहेब. कोट बघितला, वाटलं दिल्लीचे असतील. प्रोटोकॉलप्रमाणे पुढे घेतले.”

“ताई, काढून टाकू का?” भावाने मला विचारलं. पण तोवर माणसं जमली होती, विधी सुरू झाला होता आणि दोन टोकांना दोऱ्या पक्क्या बांधल्या होत्या. मी म्हटलं, राहू दे. माझ्यामागे गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या.

“हाऊ कोन शे वं?”

“मोठा मानूस दिखस. नासिकना व्हई.”

“गालवर केस शेत नि हनुवटी कोरी. काय फॅशन शे, माय!”

पिंडाला कावळा लगेच शिवला. नानांना कुणाला ताटकळत ठेवलेलं आवडत नसे. त्यामुळे इच्छा काय राहिली, वचन कुणी द्यायचं, ही चर्चाच झाली नाही. माझ्या मनात वचन तयार होतं, पुस्तिका पूर्ण करते म्हणून. ते तसंच राहिलं.

मग श्रद्धांजलीची भाषणं. आमच्याकडे दशक्रियेला पुढारी येतात आणि बोलतात. सकाळी एका गावी, मग दुसऱ्या गावी. सगळ्यात शेवटी संस्थेचे अध्यक्ष बोलणार होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. तालुक्याचं राजकारण त्यांच्या ओसरीवर ठरतं. लॉन्सची कल्पना त्यांचीच. आणि नानांच्या अगदी पहिल्या तुकडीतले विद्यार्थीही तेच. आबा बराच वेळ फ्लेक्सकडे बघत होते. त्यांचा फोटो दुसरा होता.

ते माझ्याजवळ आले. “ताई, हे पहिले कोण?”

“फ्रान्सचे कृषिमंत्री,” मी म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही.

“फ्रान्स म्हणजे, फ्रान्स?”

“हो.”

“गुरुजींच्या ओळखीचे?”

“नाना रोज त्यांच्याबद्दल बोलायचे.”

“आले नाहीत का ते?”

“नाही आले.”

“लांब पडतं,” आबा म्हणाले आणि माईककडे गेले.

ते सात-आठ मिनिटं बोलले. गुरुजींची कीर्ती सातासमुद्रापार गेली, हे आपल्याला आज कळतंय. फ्रान्सचे माननीय कृषिमंत्री या दुःखात सहभागी आहेत. जी शेतीची शाळा फ्रान्सला कळली ती आपल्याला कळू नये, ही शरमेची बाब आहे. आणि मग, गर्दीकडे एकवार बघून, “गुरुजींच्या पुढ्यात शब्द देतो. शाळेमागचा तुकडा जसा आहे तसा राहील. तिथे दुसरं काही होणार नाही.”

टाळ्या वाजवायचा प्रसंग नव्हता, तरी दोघांनी वाजवल्या.

मी उठून सांगायला हवं होतं. माझं निम्मं आयुष्य लोकांची चुकीची नोंद दुरुस्त करण्यात गेलंय. लेखकाचं आडनाव चुकलं तरी मला झोप येत नाही. पण मी बसून राहिले. ज्या कामासाठी नानांनी अठ्ठेचाळीस पानं लिहिली आणि मी तीस टाईप केली, ते काम एका चुकीच्या फोटोने सात मिनिटांत झालं होतं. नदीकाठच्या सतरंजीवर बसून मी दुसऱ्यांदा उशीर करत होते, आणि या वेळी मुद्दाम.

सभेच्या आठ दिवस आधी आबांचा फोन आला.

“ताई, ते मंत्रीसाहेबांचं पत्र असेल ना? शोकसंदेशाचं? सभेत वाचून दाखवू. चार लोक लॉन्सच्या बाजूचे आहेत, त्यांची तोंडं बंद होतील. फ्रेंचमध्ये असलं तरी चालेल. उलट बरंच.”

मी म्हटलं, मी स्वतः येते.

मग मात्र मी रोज रात्री जागून नव्हे, पण रोज पहाटे उठून टाईप केलं. पान एकतीसवर कायदा मंजूर झाला. नानांनी तिथे समासात बारीक बरोबरची खूण केली होती, मुलांच्या वह्या तपासताना करत तशी. पुढचं मी आधी वाचलं नव्हतं. मंत्री थोड्याच दिवसांत पायउतार झाले. वरची ती मोठी संस्था महालाच्या आवारात सुरू झाली आणि पुढच्या सत्ताधीशाने काही वर्षांतच बंद केली. ती पुन्हा उघडायला पुढची वीसेक वर्षं गेली, तीही दुसऱ्या जागी. खालच्या शेतशाळा काही चालल्या, काही मेल्या. नानांनी शेवटच्या पानावर लिहिलं होतं : ‘मंत्र्याला फळ दिसले नाही. पण त्याने पाटी लावून ठेवली होती, म्हणून मला वाचता आले.’

मी छापलेल्या प्रती पिशवीत घातल्या आणि सभेच्या सकाळी आबांच्या ओसरीवर गेले. त्यांनी चहा सांगितला. मी चहा यायच्या आतच बोलले.

“आबा, पत्र नाही. ते मंत्री वारलेत.”

“अरेरे. कधी?”

“दीडशे वर्षं होऊन गेली.”

आबांनी अंगणाकडे बघितलं. अंगणात ट्रॅक्टर उभा होता.

“म्हणजे आपल्या फ्लेक्सवर मी मेलेल्या माणसाच्या खाली होतो.”

“शेजारी. एकाच ओळीत होतात.”

“तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तुम्ही कोण विचारलंत, मी सांगितलं. कधीचे, ते विचारलं नाहीत.” आणि मग मला तिथे थांबता येईना. “पण सांगायला हवं होतं. तुकडा जाईल म्हणून गप्प बसले. तुम्हाला शब्द मागे घ्यायचा असेल तर घ्या. मी सभेत सगळ्यांना खरं काय ते सांगते.”

“बसा. दहाव्याला नदीवर दिलेला शब्द मागे घेतलेला माणूस ह्या तालुक्यात निवडून आलाय का कधी?” ते म्हणाले. चहा आला. तो त्यांनी बशीत ओतला. “माझी पाटी होती तिथं. माहितीये?”

मला माहीत नव्हतं.

“आठवीत. भुईमूग पेरला होता. भाजलेला. घरात कच्चा नव्हता, म्हटलं दाणा तो दाणा. महिनाभर पाणी घातलं. सगळी शाळा हसली. गुरुजींनी पाटी लिहायला लावली. कारण काय लिहू, विचारलं. म्हणाले, जे असेल ते. मी लिहिलं, ‘भाजलेले होते.’ गुरुजी म्हणाले, ह्या गावात एवढं खरं कारण अजून कुणी लिहिलेलं नाही.” त्यांनी बशी खाली ठेवली. “आज मी काय लिहू? ‘फोटो बघून बोललो’?”

मी पिशवीतली एक प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली.

सभेत त्यांनी पत्राचा विषय काढला नाही. पुस्तिका वाटल्या. बऱ्याच जणांनी त्यांचा पंखा करून वारा घेतला, जानेवारी असूनही. लॉन्स शाळेच्या मैदानाच्या दुसऱ्या अंगाला, सायकली लावतात तिथे करायचं ठरलं. तुकडा राहिला. मग एका सभासदाने विचारलं, तुकडा राहिला खरा, पण शिकवणार कोण? शेतीच्या शिक्षकाची जागा नाना निवृत्त झाल्यापासून भरलेली नाही. जे सर आजवर सांभाळत होते ते गणिताचे, आणि त्यांनी हात वर केले होते.

आबांनी माझ्याकडे बघितलं. “ताई येतील शनिवारी. वडिलांची वही आहे त्यांच्याकडे.”

“मला शेतीतलं काही येत नाही,” मी म्हटलं.

“मग चुकीच्या सरीपासून सुरुवात करा,” आबा म्हणाले, आणि ठराव झाला.

अशी मी फेब्रुवारीपासून शनिवारी सकाळच्या एस.टी.ने गावी जाते. पहिल्या शनिवारी वर्गाला नानांची वही वाचून दाखवली. मंत्री सभागृहात पोचेपर्यंत सगळे ऐकत होते. नंतर एका मुलीने विचारलं, “मॅडम, आपण बाहेर कधी जायचं?” मग बाहेर गेलो. प्रत्येकाने आपापली, आधीच लावलेली कांद्याची सरी धरली. मला विहिरीजवळची दिली. भावाने कुणाकडचं तरी उरलेलं कांद्याचं रोप पाठवलं होतं. ते जून झालं होतं आणि लावणीचे दिवसही उलटून गेले होते. आठवीच्या मुलींनी मला तसं सांगितलं. मी म्हटलं, असू दे.

मी आयुष्यात पहिल्यांदा कांदे लावले. कंबर धरली. मुली हसल्या, मग मागून येऊन वाकडी रोपं सरळ करायला लागल्या, तेव्हा त्यांना मी हात लावू दिला नाही. नियम माहीत होता.

परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या शेवटी, आम्ही सऱ्या उकरल्या. बाकीच्यांचे कांदे मुठीएवढे झाले होते. माझे सुपारीएवढे. अवजारांच्या खोलीतून एक पाटी आणली, धुतली. खडू ओला होता, तरी उमटला. नाव लिहिलं. काय केलं, तेही लिहिलं : कांदे लावले. तिसऱ्या ओळीपाशी मी थांबले.

“मॅडम, कारण लिवा ना,” एक मुलगी म्हणाली. “सोपं तर हाय.”

मी लिहिलं : ‘उशीर झाला.’

तिने वाचलं आणि मान डोलावली. पाटी तिनेच रोवली, रस्त्याच्या बाजूला तोंड करून, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचता येईल.